वाढलेले मणी

गुजरीत पंचेचाळीस वर्षं
पायाच्या अंगठ्याला दोरा ताणून बसले.
सोनं दुसऱ्याचं, गळा तिसऱ्याचा,
मधला दोरा तेवढा माझा.
म्हणून कुणी सांगितलं, टाऊन हॉलात जुने मणी मांडलेत,
तर वाटलं, बघून यावं एकदा
आपल्या आधी या कामाला कोण बसलं होतं.

तिकीट काढलं. चष्मा पदराला पुसला.
तलवारींपाशी थांबले नाही.
कोपऱ्यात काचेची पेटी,
वरचा दिवा मधूनच फडफडणारा.

ब्रह्मपुरीच्या टेकाडातनं निघालेले:
लाल अकीक, डाळिंबाच्या दाण्यागत.
निळ्या काचेचे, मोहरीएवढे,
जे ओवताना चांगल्या बाईच्याही तोंडात शिवी येते.
भाजल्या मातीचा एक, सुपारीएवढा,
गरिबाघरचा असणार,
पण भोक सगळ्यात नेमकं त्याचंच.
आणि एका लांबट अकिकाला
दोन्ही अंगांनी भोक पाडत आलेला कुणी;
आत मधोमध ती दोन भोकं
चुकामूक होता होता भेटलेली.
हात थरथरला असेल त्याचा,
नाहीतर कुणी हाक मारली असेल जेवायला.

खाली चिठ्ठी: 'सुटे मणी.'

सुटे?
पोत तुटली तरी आम्ही तुटली म्हणत नाही,
वाढली म्हणतो.
सासूबाईंनी पहिल्या दिवशी
मेणाच्या गोळीआधी हा शब्द दिला हातात.
गिऱ्हाईक रडत आलं तरी आधी विचारायचं,
कधी वाढली?
म्हणजे मग तिचं रडणं जरा हळू होतं.

शेजारी एक माळ ओवून ठेवलेली.
तंगुसात!
मासे धरायच्या तंगुसात, तीही पांढऱ्या.
मोठे मणी कडेला, बारके मध्ये,
गाठ अशी की शेंगांच्या पोत्याला शोभावी.
मी काचेवर बोट टेकवलं.
"काचंला हात नगो, मावशी," रखवालदार म्हणाला.
"हात न्हाई लावत. ह्यो कुणी ओवला?"
"सायबांनी."
"सायबांस्नी म्हणावं, एकदा गुजरीत या."

साज घ्या. मासा, कासव, भुंगा, कारलं,
कशाशेजारी काय, हे माझी बोटं झोपेतही सांगतील.
पण इथं विचारायचं कुणाला?
मणी राहिले. शंखाच्या बांगडीचे तुकडे राहिले.
दोरा तेवढा कुठंच नाही.
मातीनं पहिल्या दोन-चार पावसाळ्यांतच खाल्ला असणार.
माझंही तसंच होणार, हे काय मला माहीत नव्हतं?
तरी पेटीसमोर उभं राहून कळणं वेगळं.

मग वाकून, दिवा फडफडायचा थांबला तेव्हा,
त्या लांबट अकिकाच्या तोंडाशी दिसलं:
भोकाचा काठ एका बाजूनं झिजलेला.
गुळगुळीत, बारीक खाच,
विहिरीच्या दगडावर कासऱ्यानं पडते तशी.
वर्षानुवर्षं एकाच गळ्यावर
एकाच बाजूला ओढला गेलेला दोरा.
सूत असेल. सुतानं दगड कापला.

किती वेळ उभी होते कोण जाणे.
रखवालदार जवळ आला, रंगराव नाव त्याचं,
खिशातनं पानाच्या दुकानातली पुडी काढली.
"नातीच्या मनगटातलं हाय. दिष्टमणी. चार दिस झालं, तु..."
"वाढलं," मी म्हणाले.
"व्हय. वाढलं."

बाहेर बागेत बाकड्यावर बसले,
चप्पल काढली, अंगठ्याला दोरा अडकवला.
मेण पिशवीत असतंच.
काळा, पांढरा, काळा, काळा.
शेवटी मोजले तर एक कमी.
रंगरावानं खिसा उलटा केला,
तंबाखूची भुकटी तेवढी पडली.

"ऱ्हाऊ द्या," मी म्हणाले,
आणि त्या जागी गाठ जरा मोठी मारली.